डावीकडे, एकशे तीस

रविवारी दुपारी सव्वातीन वाजता मी बुडाले. मी, माझी पाणबुडी, चव्वेचाळीस खलाशी आणि नळ्यांत भरून ठेवलेले चार टॉर्पेडो, सगळे एकदम अटलांटिकच्या तळाशी. आणि त्याच वेळी मी जपानमधल्या कुरे शहरातल्या आमच्या टेकडीवरच्या घरात, माडीवरच्या खोलीत, चटईवर मांडी घालून, तोंडात तळलेल्या केकचा घास तसाच धरून. बुडायचं मला काही वाटत नाही. दोन वर्षांत या खेळात मी तीनशे वेळा तरी बुडाले असेन. बुडायचं, हात झटकायचे, पुन्हा सुरू करायचं. पण त्या दिवशी पडद्यावर काळं पाणी पसरलं आणि मी बोटसुद्धा हलवलं नाही, कारण शेजारी बाबा होता. कानावर दुसरा हेडफोन, डोळे अर्धे मिटलेले, आवाज कुठून येतो ते शोधायची चकती त्याच्या बोटांत. आणि बाबा ऐकायला बसला असेल तर पाणबुडी बुडत नाही. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण आमच्या घरात गुरुत्वाकर्षणानंतर त्याचाच नंबर. बाबा खऱ्या पाणबुडीचा कान आहे. समुद्राखाली खिडकी नसते. तिथे एक माणूस कानाला यंत्र लावून बसतो आणि पाण्यातले आवाज ऐकून सांगतो, कोण येतंय, कुठून, किती वेगाने. बाकीचे सत्तर जण त्याच्या शब्दावर झोपतात, जेवतात, वळतात. अठरा वर्षं तो हेच करतोय. हेडफोन उतरवत तो म्हणाला, "अरेच्चा, हा कुठून उगवला?" पण तो शत्रू कुठून उगवला ते मला माहीत होतं. डावीकडून, मागून. दोन मिनिटं आधीपासून मी त्याला ऐकत होते.

सकाळपासून शत्रूच्या जहाजांच्या त्या ताफ्यावर मी किती राबले होते! लोकांना वाटतं टॉर्पेडो म्हणजे बंदुकीची गोळी, दिसलं जहाज की घातली. छे. टॉर्पेडो जहाजावर सोडायचाच नसतो. जहाज जिथे नाही तिथे सोडायचा, रिकाम्या पाण्यात, आणि जहाज आपल्या पायांनी तिथे चालत येतं. त्यासाठी आधी क्षितिजावर फक्त धुराची रेघ दिसेल इतक्या लांबून ताफ्याला वळसा घालायचा, तोही पाण्यावर राहून, कारण पाण्याखाली पाणबुडी सासुरवाशिणीसारखी जपून, हळूहळू चालते. पुढे जाऊन वाट अडवायची, खाली जायचं, यंत्रं जवळजवळ बंद करायची आणि बसून राहायचं. पेरिस्कोप वर काढायचा तो मोजून चार सेकंद. डोलकाठीची उंची पुस्तकात बघून अंतर काढायचं. वेग मात्र मी कानांनी काढते, बाबाने शिकवला तसा: जहाजाच्या पंख्याच्या थापा मिनिटभर मोजायच्या आणि थापांवरून वेग. जहाज अगदी आडवं झालं, नाकापासून शेपटापर्यंत दिसलं, की दोन सोडायचे, एक पुढच्या डोलकाठीखाली, एक धुरांड्याखाली. एकावर कधी भागवायचं नाही. आणि ते पोचायच्या आत आपण खोल, शत्रूच्याच गोंगाटाखाली. त्या दुपारी तेलवाहू जहाज आठशे मीटरवर आलं होतं. बाबा बोटाने चटईवर ठेका धरून मोजत होता. "सत्याण्णव. नऊ नॉट, एक चिमूट कमी." बरोबर. मी पेरिस्कोपवर, चकती त्याच्याकडे. आणि तेव्हा माझ्या डाव्या कानात ते आलं, तापल्या तव्यावर पाण्याचे थेंब नाचावेत तसं बारीक, चुर्र, चुर्र, चुर्र. विनाशिका, पाणबुड्या शोधून बुडवणारं जहाज, भरधाव. मी बाबाकडे पाहिलं. चेहरा शांत, बोटं चकतीवर स्थिर. मी मनात म्हटलं, बाबा गप्प आहे म्हणजे काही नाही, माझेच कान वाजतायत. आणि पुन्हा पेरिस्कोपला डोळा लावला.

गप्प बसण्याचं काय आहे, की आमच्या घरात ते शिकवावं लागत नाही. पाणबुडीवाल्यांच्या घरात 'कधी' हा शब्द नसतो. कधी निघणार, कधी येणार, कुठे होतास, कुणी विचारत नाही, कुणी सांगत नाही. एके दिवशी शाळेतून यावं तर दारातले बाबाचे बूट नाहीत. आई म्हणते, "आज तिघांचा भात टाकला, बघ, सवयच जात नाही," की समजायचं. मग तीन आठवडे, कधी सात, आणि पुन्हा एके दिवशी बूट. लहानपणी मला वाटायचं सगळेच बाबा असे ये-जा करतात, मांजरासारखे. पहिलीत असताना बाईंनी वर्गात विचारलं की इझुमी, तुझे बाबा सुट्टीत कुठे नेणार, तर मी तोंड घट्ट मिटून घेतलं, आणि ते जे मिटलं ते आठवीपर्यंत मिटलेलंच. खोटं नाही सांगत. हजेरीलासुद्धा माझ्याऐवजी माझी मैत्रीण तोमोए 'आहे' म्हणायची. तोंड उघडलं ते या खेळाने. घरी हा खेळ बाबानेच आणला, सुट्टीत माझ्याबरोबर काहीतरी करावं म्हणून. बोलायला तर काही नव्हतंच, त्याचं सगळं गुपित आणि माझं सगळं बंद. पण खेळातला समुद्र ऐंशी वर्षांपूर्वीचा, पाणबुडी जर्मन, कसलं आलंय गुपित? खेळात बाबा बोलायचा. "हा तीन पात्यांचा. एक पातं कुठेतरी आपटलंय, ऐक, लंगडतंय." मला कसलं लंगडणं ऐकू येतंय! पण डोळे मिटून बसले की दहाव्या मिनिटाला खरंच ऐकू यायचं. त्याने मला ऐकायला शिकवलं आणि मी ऐकता ऐकता हुकूम द्यायला लागले. खाली चला, पन्नास मीटर, एक आणि दोन सोडा. हुकूम देणाऱ्या माणसाला पुटपुटता येत नाही. मागच्या महिन्यात शाळेच्या सांस्कृतिक मेळ्यात दोनशे माणसांसमोर मी या खेळातला हल्ला मोठ्या पडद्यावर करून दाखवला, अर्धा तास अखंड बोलत. आई मागच्या रांगेत होती. घरी आल्यावर म्हणाली, "हिला बंद करायचं बटण कुठे असतं, कुणाला माहितेय का?" आणि डोळे पुसत होती.

तर ती मी, अखंड बोलणारी, रविवारी दुपारी गप्प बसले आणि बुडाले. बाबा खाली चहा टाकायला गेला. मी तशीच बसून राहिले, आणि मग एकेक आवाज परत यायला लागले, कुणी पाण्यातून वर ओढून काढावेत तसे. आमचं विजेवरचं भाताचं भांडं भात शिजला की गाणं वाजवतं. मागच्या सुट्टीत बाबा त्याच्या शेजारी उभा राहून विचारत होता, झाला का गं भात. स्टेशनजवळच्या चौकात रस्ता ओलांडायचा हिरवा दिवा लागला की पक्ष्याचा आवाज वाजतो. तो वाजल्यावर मी निघाले आणि बाबा लोकांचे पाय हलल्यावर निघाला. उन्हाळ्यात माजघरात बसून म्हणाला होता की यंदा रातकिडे फारसे नाहीत, आणि आई त्याच्याकडे बघत राहिली होती, बाहेर तर किड्यांचा बाजार भरला होता. मी हसले होते. म्हटलं होतं, बाबा, तुझा कान सुट्टीवर गेलाय. जाड आवाज त्याला येतात, पंख्याच्या थापा मोजतो, माझा आवाज येतो, मी तर ओरडतेच. बारीक, वरच्या पट्टीतलं येत नाही. डावीकडचं येत नाही. हे मी गणितासारखं मांडलं आणि उत्तर आल्यावर वही मिटून टाकावी असं वाटलं. बोटीवर तर यंत्रं असतील, पडदे असतील, आवाजाच्या रेघा दिसत असतील. मला काय माहीत, तो कुठे सांगतो? पण मग कान लावून माणूस कशाला बसवतात? खाली आई कांदा चिरत होती. मी उगाच जाऊन उभी राहिले. ती म्हणाली की मंगळवारी बाबाची वार्षिक तपासणी आहे, तर सोमवारी रात्री तळकट नको, मासे भाजू. तपासणीत कान बघतात का, मी विचारलं. सुरीचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला. "सगळं बघतात," आई म्हणाली. म्हणजे मंगळवारी तो पास झाला तर बोटीवर जाईल, सत्तर माणसांना घेऊन, डावी बाजू रिकामी ठेवून. आणि नापास झाला तर पुन्हा कधीच नाही. गोदामात, कचेरीत, कुठेतरी जमिनीवर. मला दोन्ही नको होतं. तिसरं काहीतरी असेल म्हणून मी शोधत होते, जसं आपण नकाशावर उगाच पट्टी फिरवतो, काटकोन जुळत नसताना.

सोमवारी शाळेत मी डबा खाल्ला नाही, तो तोमोएने खाल्ला आणि वर चवीत खोड काढली. संध्याकाळी साडेपाचला मी बाबाला म्हटलं, चल, एक सराव करू. कसला, त्याने विचारलं. मी म्हटलं, नुसतं ऐकायचा. चकती आज मी फिरवते, तू डोळे मिटून फक्त सांग. तो खुशीत वर आला, सोललेलं संत्रं घेऊन. खेळात सरावाचं पान असतं, तिथे हव्या त्या दिशेला हवं ते जहाज ठेवता येतं. मी पहिलं ठेवलं उजवीकडे. चकती हळूहळू फिरवली. "उजवीकडे चाळीस अंश, मालवाहू, सावकाश." बरोबर. दुसरं समोर. बरोबर. तिसरं डावीकडे, विनाशिका, तेच चुर्र चुर्र. "डावीकडे साठ," बाबा म्हणाला. "विनाशिका. घाईत आहे बिचारी." माझ्या छातीतून केवढा मोठा श्वास सुटला म्हणून सांगू! वेडी मी, रविवारी तो थकला असेल, डुलकी लागली असेल. चौथं डावीकडे नव्वद. बरोबर. मी तर जवळजवळ हसतच चकती फिरवत होते, आणि तेव्हा मला दिसलं. बाबाचे डोळे अर्धे मिटलेले, पण ते अर्धे उघडे होते. आणि ते पडद्याकडे नव्हते. माझ्या मनगटाकडे होते. जहाज सापडलं की माझं मनगट थांबायचं. मनगट थांबलं की तो बोलायचा.

मला आता वाटतं की तिथे थांबता आलं असतं. हेडफोन उतरवून, बाबा, भूक लागली, म्हणता आलं असतं. पण माझे हात ते काम करत होते जे त्यांना येतं. सावज कुठे जाणार ते ओळखायचं आणि त्याच्या आधी तिथे जाऊन बसायचं. मी सगळी जहाजं काढून टाकली. समुद्र पूर्ण मोकळा केला. कानात नुसतं पाणी, लांबवर पसरलेलं, शिंपल्यात ऐकू येतं तसं. मग चकती फिरवायला लागले, उजवीकडून, समोरून, डावीकडे, हळूहळू, अगदी नेहमीच्या वेगाने, आणि डावीकडे एकशे तीसवर मनगट थांबवलं. इतकं सोपं होतं ते. एक, दोन, तीन, मी मोजत होते, टॉर्पेडो सुटल्यावर मोजतात तसे सेकंद, आणि मनात म्हणत होते की चुकू दे, याच्या खालून जाऊ दे, याने म्हणू दे की काही नाही.

"आलं," बाबा म्हणाला. "डावीकडे, एकशे तीस. छोटी विनाशिका, दोन पंख्यांची."

संत्र्याचा वास येत होता. खाली गोदीत कुठेतरी लोखंडावर लोखंड पडलं. जहाज बुडालं की मी दोन्ही हात वर करते, ती माझी सवय आहे, मेळ्यातही लोक हसले होते. माझे हात मांडीवर पडून होते, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे.

"तिथे काहीच नाहीये, बाबा," मी म्हटलं.

त्याने डोळे पूर्ण उघडले. पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर खरंच काही नव्हतं, ना ठिपका, ना रेघ. मग हेडफोन काढून त्याची वायर नीट गुंडाळली, टोक आत खोचलं, जसं तो नेहमी करतो. किती दिवस, मी विचारलं. आमच्या घरातला कुणी न विचारायचा प्रश्न, आणि तो माझ्या तोंडून इतका सरळ बाहेर पडला की मलाच भीती वाटली. दोन वर्षं, तो म्हणाला. आधी फक्त डावा, आता उजवाही थोडा. मागच्या वर्षी तो कसा सुटला तेही त्याने सांगितलं: तपासणीत काचेच्या खोलीत बसवतात, कानात बारीक आवाज सोडतात, ऐकू आला की बटण दाबायचं. बाहेर बसलेल्या बाईंचा खांदा आवाज सोडताना जरासा हलतो. हे सांगताना तो किंचित हसला, वर्गात कॉपी करून सुटलेल्या मुलासारखा, आणि मला ते हसू नको होतं. मी म्हटलं, बोटीवर कुणाचा खांदा बघतोस? तेव्हा हसू गेलं. तो म्हणाला की तिथे यंत्रं आहेत, दुसरे दोघं आहेत, तुला काय कळतंय त्यातलं, हा खेळ आहे, इझुमी. आवाज चढला होता. बाबाचा चढलेला आवाज मी आयुष्यात दोनदा ऐकलाय. एरवी मी गप्प झाले असते. मला बटण सापडलं असतं.

"रविवारी मला ऐकू आलं होतं," मी म्हटलं. "दोन मिनिटं आधी. पण तू गप्प होतास, म्हणून मी गप्प बसले."

मी बघत होते, आणि मला दिसलं की ते त्याच्यापर्यंत पोचतंय. त्याच्या डोळ्यांसमोर मी नव्हते. ते दुसरे दोघं असतील, विशीतले, अठरा वर्षं ऐकलेल्या माणसाशेजारी बसलेले. त्यांच्या कानात काहीतरी चुरचुरत असेल आणि ते त्याच्या चेहऱ्याकडे बघत असतील, चेहरा शांत, आणि ते मनात म्हणत असतील, काही नाही, आपलेच कान वाजतायत. बाबा उठला. संत्र्याची साल उचलली, एकही तुकडा न ठेवता, आणि जिना उतरून गेला. मला वाटलं मी त्याला बुडवलं. मला वाटलं मी बरोबर केलं. दोन्ही एकाच वेळी वाटत होतं आणि एकाने दुसरं कमी होत नव्हतं. मी पडदा बंद केला आणि उशीत तोंड घालून रडले, मोठ्याने रडले तरी चालणार होतं, खाली बाबाला ते ऐकू आलं नसतं. पण आई खाली होती, आणि तिचे कान चांगले आहेत. ती वर आली. माझ्या पाठीवर हात ठेवून बसली. "उन्हाळ्यापासून मला माहीत आहे," ती म्हणाली. "मला वाटलं, तो सांगेल. त्याला वाटलं असेल, मी विचारेन." आणि मग थोड्या वेळाने, "मासे करपतायत बघ," आणि तरी ती उठली नाही.

मंगळवारी सकाळी बूट दारात नव्हते. इतिहासाच्या तासाला मी फळ्याकडे बघत होते आणि मनाने त्या काचेच्या खोलीत बसले होते. दाबतोय, नाही दाबत. बाईंनी मला काहीतरी विचारलं आणि मी चुकीचं उत्तर खणखणीत आवाजात दिलं. वर्ग हसला, मीही हसले, आणि आतून मोजत होते. त्याने काहीही केलं असतं तरी मला कळणार नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं. तो पास होऊन येईल आणि चेहरा शांत असेल, आणि मी काय करणार होते, कुणाला जाऊन सांगणार होते? सोळा वर्षांची मुलगी, खेळात मोठी कप्तान. टेकडीच्या पायऱ्या मी त्या दिवशी मोजत चढले, एकशे ब्याऐंशी, आणि वर दार उघडलं तर बूट होते. चार वाजता. कधीच नसतात चार वाजता. बाबा स्वयंपाकघरात बटाटे सोलत होता, गणवेशाची पँट आणि वर आईचा ॲप्रन. मी दप्तरासकट तशीच उभी. त्याने मान वर केली नाही.

"बाईंचा खांदा हलत होता," तो म्हणाला. "सारखा हलत होता. मी डोळे मिटले. गच्च. नुसता बसलो. शेवटी त्या दार उघडून आत आल्या, त्यांना वाटलं वायर निघालीये." त्याने बटाट्याचा डोळा सुरीच्या टोकाने काढला. "केवढं शांत असतं गं, इझुमी. मला ठाऊकच नव्हतं."

पुढे काय, ते अजून ठरलेलं नाही. वरचे साहेब बोलावतील, कागद होतील. नव्या पोरांना आवाज ओळखायला शिकवायला माणूस लागतो, असं कुणीतरी म्हणालं म्हणे, पण ते म्हणणंच. तो हे तुटक तुटक सांगत होता, आणि प्रत्येक तुकड्यानंतर हातातल्या बटाट्याकडे असा बघायचा की जसा तोही कुणी त्याच्या ताब्यात दिलाय आणि परत घेणार आहे. मी त्याला मिठी मारली नाही. आमच्याकडे तशी पद्धत नाही. मी दुसरी सुरी घेतली.

जेवायच्या वेळी आमच्या टेबलावर ज्याची त्याची जागा ठरलेली आहे, मी चालायला लागले तेव्हापासून. त्या संध्याकाळी बाबा आला, आपल्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून क्षणभर उभा राहिला आणि वळसा घालून आईच्या जागेवर जाऊन बसला. त्यामुळे मी त्याच्या उजव्या हाताला आले. आई वाढायचा चमचा घेऊन बघत राहिली, मग तिने त्याची वाटी उचलून त्याच्यापुढे ठेवली आणि त्याच्या डाव्या बाजूला बसली. आम्ही खायला लागलो. बाबा मला बटाट्यात मीठ कमी पडलंय का विचारत होता आणि मी हो म्हणत होते. आई तिकडून काहीतरी म्हणाली, नेहमीच्या आवाजात. त्याला ऐकू आलं नाही. तो जेवत राहिला. मी तोंड उघडलं आणि मिटलं. आईने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या, त्याच्या बाहीला हात लावला, तो तिच्याकडे वळेपर्यंत थांबली, आणि तेच पुन्हा म्हणाली, जरा मोठ्याने.